सहावा खण

जिन्याखालचा कुत्रा माझ्यावर भुंकला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे सुरू त्याआधीच झालेलं असणार, पण मला कळलं ते त्या संध्याकाळी. घरमालकीणबाईंचा हा कुत्रा भुंकण्यात कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. पोस्टमनवर भुंकतो, दूधवाल्यावर भुंकतो, खुद्द मालकीणबाई न्हाऊन आल्या की त्यांच्यावरही एकदा भुंकून घेतो. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहायला आल्यापासून रोज सहाच्या सुमाराला तो असा काही ठणाणा करायचा की मी कामावरून आल्याचं अख्ख्या इमारतीला कळायचं. त्या दिवशी तो पहिल्या पायरीवर आडवा पसरला होता, डोळे मिटून. मी येऊन थांबले. माझी चप्पल त्याच्या नाकापासून वीतभर लांब होती. नाकपुड्या हलल्या, एकदा, दोनदा. मग त्यानं सुस्कारा टाकला आणि झोप पुढे चालू केली. मी त्याला ओलांडून वर गेले. आधी बरंच वाटलं. म्हटलं, पाच महिन्यांनी का होईना, स्वारीनं आपल्याला घरातलं मानलं. हे समाधान दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकलं. मग आठवलं की घरातल्यांना ओळखलं की तो निदान शेपटी तरी हलवतो.

खोलीत शिरून दार लावलं आणि शर्टाची बाही नाकाशी धरली. काही नाही. कॉलर हुंगली, मग केसांची बट ओढून हुंगली, मग उशी. कापसाला कापसाचा वास होता, भिंतीला चुन्याचा होता, खिडकीच्या गजांना लोखंडाचा होता. दिवसभर वापरलेल्या शर्टाला मात्र कसलाच वास नव्हता. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं, कारण स्वतःचा वास स्वतःला येत नाही हे कुणालाही ठाऊक असतं. पण माझं नाक साधंसुधं नाही. मी त्या नाकाचा पगार घेते.

शहराला जे पिण्याचं पाणी जातं त्याचा वास घेणं हे माझं काम. पाण्यातलं बरंचसं यंत्राला कळतं, पण काही वास असे असतात की यंत्राचा काटा हलत नाही आणि लोक मात्र पेला तोंडाशी नेऊन खाली ठेवतात. ओल्या मातीचा, शेवाळाचा, बंद पेटीचा. त्यासाठी प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला एक खोली आहे आणि तिच्यात लाकडी फळ्यांनी पाडलेले सहा खण. प्रत्येक खणात एक माणूस, एक स्टूल, पाण्याच्या रंगावरून मन दूषित होऊ नये म्हणून लाल दिवा, आणि समोर तीन बरण्या. दोन बरण्यांत एकच पाणी असतं, तिसरीत वेगळं. झाकण सरकवायचं, हुंगायचं, वेगळी बरणी कोणती ते बटण दाबून सांगायचं. फरक वाटला नाही तर ‘फरक नाही’ असं शेवटचं बटण. बस, एवढंच. एम.एस्सी.ची दोन वर्षं मी जे काही रट्टा मारून पाठ केलं त्यातलं इथे तिळाइतकंही लागत नाही. आमच्याकडे माणसांना नावानं हाक मारायची पद्धत नाही, खणाचा नंबर हेच नाव. मी सहा नंबर. माझ्या आधीच्या सहा नंबरबाई निवृत्त झाल्यानंतरही दोन दिवस खणात येऊन बसल्या होत्या आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, हा तिसऱ्या खणातल्या, म्हणजे तीन नंबरांचा आवडता विनोद. पहिल्या आठवड्यात मी त्याला खूप हसले.

नियम भिंतीवर लावले आहेत. वासाचा साबण नको, तेल नको, पावडर नको, कांदा नको, लसूण नको, कॉफी नको. कपडे ऑफिसनं दिलेल्या भुकटीत धुवायचे आणि ऑफिसनं दिलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवायचे, कारण एका खणातल्या माणसाचा वास बाजूच्या खणात गेला की निकाल बिघडतात. हे सगळं पटण्यासारखं आहे. जे भिंतीवर लिहिलेलं नाही ते तीन नंबरांनी सांगितलं. सहा महिने झाले की नव्या माणसाची परीक्षा. कोऱ्या सुती कापडाची एक पट्टी सकाळी त्याच्या दंडाला बांधतात, संध्याकाळी सोडतात आणि तीन बरण्यांपैकी एकीत घालतात. बाकी दोन बरण्यांत कुणीच न वापरलेलं तसलंच कापड. मग बाकीचे पाचजण ओळीनं हुंगतात. पाचही जणांनी ‘फरक नाही’ दाबलं की माणूस कोरा झाला, नोकरी कायम. एकानं जरी बरोबर बरणी ओळखली तरी आणखी तीन महिने, आणि त्यानंतर मात्र नमस्कार. “भिण्यासारखं काही नाही,” तीन नंबर म्हणाले. ते बावीस वर्षं इथे आहेत. शांत, स्वच्छ, इस्त्रीच्या घडीसारखे गृहस्थ. “आपोआप होतं. काही दिवस घरच्यांना जरा चमत्कारिक वाटतं. परवा मी झोपलेलो असताना आमच्या हिनं गादी गुंडाळायला घेतली.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, उठलो. म्हटलं, गुंडाळ.”

माझं नाक माझं नाही, बाबांचं आहे. बाबा पुस्तकं बांधायचे. खळ, सरस, नवा कागद, जुना कागद, ह्यांच्यात त्यांचा जन्म गेला. सात वर्षांपूर्वी डोळे हळूहळू गेले तेव्हा आम्ही रडलो, ते मात्र म्हणाले, अजून दोन हात आणि एक नाक शाबूत आहे, कशाला गळे काढता. माझा प्रबंध त्यांनी नुसत्या बोटांनी चाचपून बांधला, आणि आमच्या सगळ्या वर्गात सरळ पाठीचा प्रबंध तेवढा एकच होता. माणसं ते वासावरून ओळखायचे. मी लहान होते तेव्हा, त्यांना दिसत होतं तेव्हासुद्धा, आमचा एक खेळ होता. शाळेतून आले की मी चोरपावलांनी दारात उभी राहायचे, श्वास रोखून. ते पाठमोरे काम करत बसलेले. मनात आकडे मोजायचे. पाचाच्या पुढे मी कधी गेले नाही. “आलीस?” ते न वळता म्हणायचे. आणि वर, “गणिताचा तास होता वाटतं शेवटचा. घाबरलेल्या माणसाचा घाम वेगळा असतो.” डोळे गेल्यावर हा खेळ खेळ राहिला नाही, घरात शिरण्याची रीतच झाली. मी बोलायचं नाही, त्यांनी ओळखायचं, आणि ‘आलीस?’ म्हटल्यावरच मी आले असं धरायचं. आई वैतागायची. म्हणायची, तुमचं हुंगून झालं असेल तर मुलीला पाणी देऊ का? ही नोकरी लागली तेव्हा मुलाखतीत मी बाराच्या बारा बरण्या ओळखल्या होत्या. आयुष्यभर मी वर्गात मधल्या बाकावरची, ना हुशार ना ढ. पहिल्यांदाच कशात तरी अव्वल आले होते. घरी सांगितलं तर बाबांनी स्वतःचं नाक दोन बोटांत धरलं आणि आईला म्हणाले, “बघ, माझं नाक नोकरीला लागलं.” तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्या चेहऱ्यासाठी मी ह्या खणात टिकून राहायचं ठरवलं होतं.

विद्यापीठात असताना वासांची नुसती जत्रा होती आणि मला त्याची किंमत नव्हती. वसतिगृहाच्या जिन्यात ओले टॉवेल, कुणाची उकळून उतू गेलेली कॉफी, प्रयोगशाळेतलं आम्ल, जळका रबर, परीक्षेच्या दिवसांत सगळ्या मजल्याला येणारा जागरणाचा आंबूस वास. माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणजे तर चालतीबोलती बामची डबी. तिचं डोकं कायम दुखायचं. ती कपाळाला बाम चोळायची आणि बोटं एप्रनच्या बाहीला पुसायची, म्हणून सगळे तिला बामवाली म्हणायचे. प्रयोगशाळेत माझी खुंटी आणि तिची खुंटी शेजारी शेजारी. शेवटची तोंडी परीक्षा संपली तेव्हा फोटोसाठी सगळे ओरडत होते, आम्ही खुंट्यांवरून एप्रन ओढले, बोचकी बांधली, गळ्यात पडून रडलो आणि पांगलो. आता वाटतं, इतक्या वासांत राहणारी ती मुलगी, तेव्हाची मी, कोण होती? मी तिला जिन्यात भेटले तर ओळखीन, पण ती मला ओळखेल का ह्याची खात्री वाटत नाही. तिला आवाज होता. ती भांडायची. गॅसची शेगडी कुणी चालू ठेवली ह्यावरून ती एकदा चार दिवस अबोला धरून बसली होती. मी आता कुणाशी भांडत नाही. भांडायला समोरच्यानं आधी आपल्याकडे बघावं लागतं.

कुत्र्यानंतर आठवडाभरात मालकीणबाई किल्लीनं दार उघडून खोलीत आल्या. सुट्टीचा दिवस होता, भर दुपार, आणि मी पलंगावर बसून नखं कापत होते. त्यांनी खिडकी लावली, पंखा बंद केला, “पोरी पंखे चालू ठेवून जातात” असं स्वतःशी पुटपुटल्या आणि माझ्यापासून हातभर अंतरावर पलंगाची चादर ओढून सारखी करायला लागल्या. मी “काकू” म्हटलं. त्या किंचाळल्या. “अगंबाई! तू आहेस होय? घाबरवलंस की मला!” मग छातीवर हात ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “बरी आहेस ना? म्हणजे, तशी छान दिसतेस. पण खोलीत कुणी आहे असं वाटलंच नाही बघ.” मी हसले. त्या गेल्या आणि मग मला इतकी भीती वाटली की मी उठून आरशासमोर उभी राहिले. आरशात होते मी. नाक, डोळे, अर्धवट कापलेली नखं. आरसा काही लपवत नव्हता. नजर असलेल्या माणसाला मी दिसत होते, फक्त बघायची आठवण राहत नव्हती. आणि ज्याला नजरच नाही त्याचं काय, हा विचार माझ्या मनात आला तो तेव्हा.

कारण घरी काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं, मी फक्त ते मोजत नव्हते. दर महिन्याला मी एकदा घरी जायचे, बसनं चार तास. पहिल्या खेपेला आकडा अकरापर्यंत गेला. बाबा म्हणाले, “आलीस? सर्दी झालीय बहुतेक मला.” दुसऱ्या खेपेला तीस. तिसऱ्या खेपेला मी थेट त्यांच्या खुर्चीपाशी गेले तेव्हा ते चपापून म्हणाले, “कोण?” आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, “आलीस होय,” असं म्हणून त्यांनी माझा हात चाचपला. दोघंही हसलो. चौथ्या खेपेला मी उंबरठ्यावरूनच हाक मारली, खेळ मोडला. पाचव्या महिन्यात, काम फार आहे असं फोनवर सांगून गेलेच नाही. फोनवर मात्र सगळं ठीक असायचं, फोनला वास नसतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. बाजारातून कांदा आणला. खोलीत आणून चाकूनं कापला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसून राहिले. खायचा, हातांना चोळायचा, उद्या पट्टीतून पाचही जणांना माझा खणखणीत वास येऊ द्यायचा, आणि सरळ घरी निघून जायचं. घरी जाऊन काय करायचं? मधल्या बाकावर बसायचं. बाबा विचारणार, नाक कुठे कमी पडलं? आणि मी सांगणार, तुमच्यासाठी नापास झाले. हे त्यांना सहन झालं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. मला त्या खणात आवडत होतं. लाल उजेडात तीन बरण्या समोर असल्या की डोक्यातली सगळी गडबड थांबायची. हजार पिंपांत एक थेंब इतक्या पाण्यातली माती मी ओळखत होते. माझ्यामुळे कुठल्या तरी घरात कुणीतरी पेला तोंडाशी नेत होतं आणि खाली न ठेवता पीत होतं. मी कांदा कागदात गुंडाळून जिन्याखाली टाकून आले. कुत्रा कांद्यावर भुंकला.

परीक्षेत पाचही जणांनी ‘फरक नाही’ दाबलं. तीन नंबर झाकण उघडून सगळ्यात जास्त वेळ हुंगत होते. मी फळीच्या फटीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, ओळखा, एकदा तरी ओळखा. त्यांनी झाकण सरकवलं, बटण दाबलं, आणि बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवला. “अभिनंदन. फार कमी लोकांना पहिल्या झटक्यात जमतं.” मग सगळ्यांनी मिळून एकेक पेला पाणी प्यायलं. आमच्याकडे समारंभ म्हणजे तेवढाच. पट्टी बरणीतच राहिली होती. जाताना मी ती हुंगून पाहिली, मग शेजारच्या दोन हुंगल्या. मग मला ती कोणती होती तेच आठवेना.

रविवारी सकाळची बस धरली. पर्समध्ये कायम झाल्याचं पत्र. बसमध्ये शेजारी बसायला आलेल्या बाईनं आधी माझ्या मांडीवर पिशवी ठेवली आणि मग “सॉरी सॉरी” केलं. अकराला घरी पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तिच्या बादलीचा आवाज येत होता. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, चेहरा दाराकडे. मी हाक मारणारच होते. तोंड उघडलं होतं. पण वाटलं, आज नाही. आज निकाल लागू दे. मी चप्पल काढली, उंबरठ्याच्या आत उभी राहिले आणि मोजायला लागले. पाच. अकरा. तीस. बाबांनी मान खाजवली. साठ. ते आपल्याशीच काहीतरी गुणगुणले, मग थांबले. शंभराच्या पुढे मी मोजणं सोडलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते पुसलंसुद्धा नाही, कारण बाहीचा आवाज झाला असता.

मग बाबा उठले. खोलीत आपण एकटे आहोत ह्याची खात्री असलेल्या माणसासारखे उठले, चेहरा सैल सोडून. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते खूप म्हातारे होते. भिंतीला हात लावत ते कपाटापाशी गेले, खालच्या कप्प्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिची गाठ सोडली आणि आतून पांढरं काहीतरी बाहेर ओढलं. माझा एप्रन होता. मी नोकरीवर जायला निघाले त्या दिवशी त्यांनी तो मागून घेतला होता, धुवायचा नाही असं आईला बजावून. तेव्हाच तो हुंगून ते म्हणाले होते, “डोकं दुखायचं का गं तुझं?” आणि मी बॅगेची चेन ओढता ओढता म्हटलं होतं, प्रयोगशाळेत सगळ्यांचंच दुखतं. आता त्यांनी तो दोन्ही हातांनी चेहऱ्याशी धरला. खांदे वर गेले, खाली आले.

“आलीस?” ते एप्रनला म्हणाले.

“आले, बाबा,” मी म्हटलं.

ते दचकले नाहीत. त्यांनी चेहरा वळवला नाही. नाक एप्रनमध्येच ठेवून ते ऐकत राहिले. मी पुढे झाले, त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी तो चाचपला, बोटं मोजल्यासारखी एकेक करून. “हात तिचा आहे,” ते हळूच म्हणाले. “आवाज तिचा आहे.” आणि मग, लहान मुलासारखं, “पण खोलीत कुणी नाहीये.” मला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी मी त्यांच्या हातातून एप्रन सोडवून घेतला. ते पटकन सोडेनात. मी तो अंगात घातला, बाह्यांत हात घातले, बटणं लावली आणि त्यांच्या अगदी समोर उभी राहिले. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि त्यांचा सगळा चेहरा परत वर आला, घट्ट, तोच माझ्या ओळखीचा. “हं,” ते म्हणाले. “आता आलीस.” आणि त्यांनी मला जवळ घेतलं.

तेव्हा बाही माझ्या नाकाशी आली. सहा महिने शिकवलेलं, बाराच्या बारा बरण्या ओळखणारं नाक. बाहीत आम्ल होतं, खडू होता, सरसाच्या हातांचा वास होता, आणि खाली, धाग्यांत मुरलेला, न निघणारा, बाम. मला जन्मात कधी डोकेदुखी झालेली नाही. शेजारच्या खुंटीवरचा एप्रन होता तो. माझा असेल कुठेतरी, तिच्या घरी, किंवा तिनं तो धुऊन वापरायलाही काढला असेल. आणि बाबांनी सहा महिने रोज हाच हुंगून हुंगून, मी घरी येईन तेव्हा चुकायला नको म्हणून, माझा वास पाठ केला होता. आई ओले हात पुसत दारात आली, मला बघून “अगं, कधी आलीस? आणि हे काय ध्यान घातलंयस?” म्हणाली. बाबा हसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अंगठ्यानं कपाळ चोळलं, अगदी हळुवार, आणि विचारलं, “अजून दुखतं का गं डोकं?”

“हो, बाबा,” मी म्हटलं. “दुखतं अधूनमधून.”